नवीन कोरल घरी आणताना: ड्रिप अर्ध्या तासाचं, क्वारंटाइन अडीच महिन्यांचं

प्रश्न असा आहे: घोडबंदर रोडवरचा फ्लॅट, २०० लिटरची रीफ टाकी (खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची), वय आठ महिने, आत दोन क्लाउनफिश आणि एक गोबी. आता क्रॉफर्ड मार्केटमधून झोआ, मशरूम, एखादं लेदर आणि जमलं तर हॅमर (हे सगळे कोरलचेच प्रकार) आणायचं आहे. पिशवी किती वेळ तरंगवायची, ड्रिप (टाकीचं पाणी पिशवीत थेंबथेंब सोडणं) किती तास करायचं, आणि कोरलला व्हाइट स्पॉट (माशांचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) होतच नाही तर क्वारंटाइन कशासाठी?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरी गोम तिथेच आहे. कोरलला व्हाइट स्पॉट होत नाही हे बरोबर. पण कोरल एकटं येत नाही. ते सिमेंटच्या प्लगवर किंवा दगडाच्या तुकड्यावर बसून येतं, आणि तो तुकडा दुकानात माशांच्याच पाण्यात राहिलेला असू शकतो. व्हाइट स्पॉटचा परजीवी, क्रिप्टोकॅरियन, माशाच्या अंगावरून गळून पडला की कडक पृष्ठभागाला चिकटून कोष करतो. बहुतेक कोष तीन दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत फुटतात, पण ७२ दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे. बाहेर पडलेल्या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. म्हणून रीफवाले ७६ दिवस मोजतात: मासा नसलेल्या वेगळ्या टाकीत कोरल ७६ दिवस राहिलं, तर कोष फुटून पिल्लं उपाशी मेलेली असतात. हे काम कोणतंही औषध करत नाही. तांबं माशांच्या रोगावर चालतं, पण कोरलच्या टाकीत तांब्याचा थेंबही नको.

आता हॅमर. तो यादीतून काढा. हॅमर, टॉर्च, अक्रोपोरा, मॉन्टिपोरा ही सगळी दगडी कोरलं स्क्लेरॅक्टिनिया गणातली, आणि हा अख्खा गण २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. काळी कोरलं, फायर कोरल, ऑर्गन पाइप आणि सी फॅनही त्याच यादीत आहेत. २०२० साली कोस्टल रोडच्या कामासाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळ वसाहती परवानगी काढून दुसरीकडे हलवाव्या लागल्या, त्या याच कायद्यामुळे. दुकानदार ‘इम्पोर्टेड आहे’ म्हणाला म्हणून कागद तयार होत नाहीत. झोआ, मशरूम आणि लेदर स्क्लेरॅक्टिनियात मोडत नाहीत, आणि आठ महिन्यांच्या टाकीला तीच योग्य आहेत. ओहोटीला खडकांवर दिसणारे झोआ खरवडून आणण्याचा विचार मात्र मनातही आणू नका.

क्वारंटाइनची टाकी मोठी लागत नाही. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे साधारण ४० लिटर. तळाला वाळू नको, आत दगड नको. जे पडेल ते दिसलं पाहिजे. फ्रॅग (कोरलचा विकत मिळणारा लहान तुकडा) ठेवायला पांढरी प्लॅस्टिकची चौकटी जाळी कापून घ्या, ट्यूबलाइटच्या खाली लावतात ती. फॉल्स सीलिंगचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते. एक स्पंज फिल्टर, एक लहान वेव्हमेकर, ५० वॉटचा हीटर, साधा रीफ लाइट. स्पंज आधी महिनाभर मोठ्या टाकीच्या संपमध्ये (फिल्टरच्या वेगळ्या डब्यात) पडू द्या, म्हणजे त्यात जिवाणू बसतात आणि सायकलची, म्हणजे ते जिवाणू वाढायची, वाट पाहावी लागत नाही. लेदर आणि झोआ एकत्र ठेवणार असाल तर २०-३० ग्रॅम कार्बनची पिशवी हवीच. लेदर पाण्यात रसायनं सोडतं, आणि ४० लिटरमध्ये ती शेजाऱ्याला लगेच जाणवतात. कार्बन तीन आठवड्यांनी बदला.

टाकी दुसऱ्या खोलीत ठेवा. टू-बीएचकेमध्ये जागा नसते हे खरं, पण एअर पंपाचे बुडबुडे फुटताना उडणारे तुषारही परजीवी नेऊ शकतात, तेव्हा निदान दहा फूट अंतर पाळा. चिमटा, जाळी, बादली सगळं वेगळं. रोजचं काम आधी मोठ्या टाकीत, मग क्वारंटाइनमध्ये. पाणीही त्याच दिशेने जाऊ द्या. मोठ्या टाकीतून दर आठवड्याला काढलेलं सहा-आठ लिटर पाणी क्वारंटाइनमध्ये घालणं हा सगळ्यात सोपा पाणीबदल आहे, आणि त्यात कोरलच्या पोटापाण्याचीही सोय होते. नव्या मिठाच्या कोऱ्या पाण्यात नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य असतं. अशा पाण्यात झोआ आकसतात, रंग उडतो, आणि वर तपकिरी तंतूंसारखे डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव) उगवतात. पुष्कळ लोक ‘क्वारंटाइनमध्ये कोरल मेलं’ म्हणतात ते रोगाने नाही, उपासमारीने मेलेलं असतं. नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम, अल्कलिनिटी (पाण्याचा क्षारीपणा) ८ ते ९ डीकेएच यांच्या आसपास ठेवा.

बाष्पीभवनाच्या भरपाईला आणि मीठ कालवायला शून्य टीडीएसचं (विरघळलेले क्षार नसलेलं) आरओ-डीआय पाणी, म्हणजे आरओनंतर उरलेले क्षारही काढलेलं पाणीच वापरा. घोडबंदरच्या बऱ्याच सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकर येतात, आणि टँकरचं पाणी आज एक, उद्या दुसरं असतं. स्वयंपाकघरातल्या आरओवर भिस्त ठेवू नका. त्यात चव राखायला टीडीएस कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी मिसळतो. आणि हल्ली बऱ्याच मॉडेलांत पाण्यात तांबं सोडणारं काडतूस असतं. माणसाला ते गुणकारी म्हणून विकतात. कोळंबी, गोगलगायी आणि कोरल यांना ते विष आहे. टीडीएस मीटर फक्त एकूण आकडा दाखवतो, त्यातलं तांबं किती ते सांगत नाही.

मीठ लिटरला ३७-३८ ग्रॅम, म्हणजे २० लिटरच्या जारला ७५० ग्रॅमच्या आसपास. पण पावसाळ्यात उघडी पिशवी दमट होते आणि तेवढ्याच वजनात मीठ कमी भरतं, तेव्हा शेवटचा शब्द रिफ्रॅक्टोमीटरचा (खारटपण मोजायचं उपकरण). तोही ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) कॅलिब्रेशन द्रावणाने लावलेला हवा. नुसत्या आरओ पाण्यावर शून्य लावून ३५ ला तो चुकू शकतो.

तापमानाबद्दल आपल्याकडे उलटी काळजी करावी लागते. लक्ष्य २५ ते २७ अंश, दिवसातला चढउतार दीड अंशाच्या आत. मे महिन्यात बंद खोलीतली ४० लिटरची टाकी सहज ३२ वर जाते. वरून छोटा पंखा मारला तर दोन-तीन अंश उतरतात, पण रोज पाऊण ते एक लिटर पाणी उडतं. ३८ लिटर पाण्यातून दोन दिवसांत दोन लिटर उडाले की ३५ चं खारटपण ३७ च्या जवळ पोहोचलं. काचेवर मार्करने रेघ मारा आणि रोज सकाळी त्या रेघेपर्यंत गोडं पाणी भरा. जुलैत हवाच ओलसर असते, तेव्हा पंखा जेमतेम एखादा अंश उतरवतो. टाकी एसीच्या बेडरूममध्ये असेल तर रात्री पाणी थंड होतं, म्हणून हीटर २५.५ वर लावलेला राहू द्या. खरेदी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत केलीत तर यातली निम्मी डोकेदुखी वाचते. महावितरणच्या शटडाउनसाठी बॅटरीवरचा एअर पंप आणून ठेवा.

दुकानात जाल तेव्हा दुकानदाराला एक आकडा विचारा: तुमच्या टाकीची सॅलिनिटी किती? माशांच्या टाक्या बऱ्याचदा १.०२० ते १.०२३ वर (हे आकडे विशिष्ट घनतेचे; ३५ पीपीटी म्हणजे साधारण १.०२६) चालवतात, आणि तुमची रीफ १.०२६ वर असते. क्वारंटाइनची टाकी रिकामीच आहे, तर ती आधीच दुकानाच्या आकड्यावर आणून ठेवा आणि मग रोज ०.००१ ने वर चढवा. असं केलंत तर ड्रिपची गरजच उरत नाही. नाही जमलं, तर पिशवी थर्मोकोलच्या खोक्यात घालून आणा. दुपारी गाडीच्या डिकीत नको. लोकलने येणार असाल तर गर्दीची वेळ टाळा.

घरी आल्यावर दिवे मंद करा, पिशवी १५-२० मिनिटं तरंगवा, मग पिशवीतल्या पाण्याची सॅलिनिटी मोजा. फरक ०.००२ पर्यंत असेल तर सरळ पुढच्या पायरीवर जा. जास्त असेल तर ड्रिप. एअरलाइनच्या नळीला गाठ मारून सेकंदाला तीन थेंब पडू द्या. मिनिटाला साधारण ९ मिली होतात, म्हणजे ३०० मिलीची पिशवी अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होते. तेवढं पुरे. दोन-तीन तास ड्रिप करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो कुरिअरने आलेल्या पिशवीला तर घातकच ठरतो. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरलेला असतो आणि त्यामुळे तिथला अमोनिया बिनविषारी रूपात असतो. पिशवी उघडली की पीएच चढतो, तोच अमोनिया विषारी होतो, आणि कोरल त्यात ताटकळत राहतं. पिशवीतलं पाणी कुठल्याही टाकीत ओतू नका.

यापुढे हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल. झोआ आणि पॅलिथोआ यांत पॅलिटॉक्सिन असू शकतं, आणि ते जगातल्या अतिशय जहाल नैसर्गिक विषांपैकी एक आहे. कापताना पॉलिप (कोरलचे एकेक जीव) पिचकारी मारतात. दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याने धुऊ नका, सुका असताना ब्रशने घासू नका. वाफेतून आणि धुळीतून विष श्वासात जातं. तोंडाला धातूची चव, धाप, बधिरपणा, ताप जाणवला तर वाट न पाहता रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द सांगा. साधी कणकण समजून सोडून दिलं जाण्याची भीती असते. लहान मुलं आणि मांजर-कुत्रं त्या वेळी खोलीत नको.

श्रीखंडाचे एक किलोचे पांढरे डबे यासाठी उत्तम. चार डबे घ्या, प्रत्येकात टाकीच्याच तापमानाचं एक लिटर खारं पाणी. पहिला नुसत्या धुण्याचा, दुसरा डिपचा (किडी मारायच्या औषधात बुडवण्याचा), तिसरा-चौथा खळबळायचा. फ्रॅग पहिल्या डब्यात हलवा, २० मिलीच्या सिरिंजने सुई न लावता पाण्याचे फवारे मारा, प्लगच्या खालीही. मग डबा उजेडात धरून बघा. पांढऱ्या तळावर वळवळणारं सगळं दिसतं. उड्या मारणारे अँफिपॉड आणि बारीक ब्रिटल स्टार निरुपद्रवी, ब्रिसल वर्म बहुतेक वेळा तसाच. शोधायची ती वेगळीच मंडळी.

झोआ खाणारा न्यूडिब्रँक (शंख नसलेली समुद्री गोगलगाय) जवळून बघण्यासारखा आहे, कारण तो डोळ्यांदेखत लपतो. लांबी अर्धा ते एक सेंटिमीटर, पाठीवर झोआच्या झालरीसारखे दिसणारे मऊ काटे, आणि रंग त्याने खाल्लेल्या झोआचाच. हिरव्या झोआवर हिरवा, केशरीवर केशरी. दिवसा तो देठांच्या फटीत बसतो. सगळे पॉलिप उघडलेत आणि एकच घोळका चार दिवस मिटलेला आहे, तर तिथेच भिंग लावा. अंडी देठाच्या बाजूला पांढऱ्या, चकलीसारख्या गुंडाळलेल्या फितीत असतात. दुसरा चोर सनडायल गोगलगाय: चपटा गोल शंख, त्यावर तपकिरी-पांढरे चौकडे, आकार हरभऱ्याएवढा. दिसायला सुरेख, म्हणून लोक ठेवून घेतात. तो रात्री झोआ शोषून खातो. तिसरा सागरी कोळी, अंगच नसल्यासारखा, नुसते पाय. मशरूमवर बारीक तपकिरी-लाल ठिपके सरकताना दिसले तर ते चपटे किडे आहेत.

डिपला रीफसाठी बनवलेलं कुठलंही तयार औषध घ्या, प्रमाण आणि वेळ बाटलीवरची, अंदाजाने वाढवायची नाही. आयोडीनचा डिप कापलेल्या जखमेला बरा, किडींवर भरवशाचा नाही. परदेशी सल्ले वाचून शेतीच्या दुकानातलं इमिडाक्लोप्रिड आणायला जाऊ नका. ते सल्ले दुसऱ्याच घरगुती उत्पादनाबद्दल असतात, ज्यात दोन कीटकनाशकं ठरावीक प्रमाणात असतात. आपल्याकडचं १७.८ टक्के एसएल हे वेगळं द्रावण आहे, ते हिशेब त्याला लागू होत नाहीत.

झोआच्या प्लगवर शेवाळ असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड चालतो, पण इथे एक ठरलेली चूक होते. बहुतेक सल्ल्यांमधलं प्रमाण ३ टक्के पेरॉक्साइडचं असतं, एक भाग औषधाला दहा भाग पाणी. आपल्या केमिस्टकडे मिळतो तो ६ टक्के, लेबलवर ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेला. म्हणजे लिटरला १०० नव्हे, ५० मिली. वेळ पाच मिनिटं, त्यापुढे नाही. झेनिया या मऊ कोरलला तो अजिबात नको, मशरूमलाही टाळलेला बरा.

डिप काय करत नाही ते जास्त महत्त्वाचं. तो अंड्यांचं काही करत नाही, ॲप्टेशिया या उपद्रवी समुद्रफुलाचं मूळ मारत नाही, बबल अल्गी (फुग्यांसारखं शेवाळ) तशीच राहते, वर्मेटिड गोगलगायीची कडक नळी शाबूत राहते, आणि क्रिप्टोकॅरियनचा कोष तर ढिम्म हलत नाही. म्हणून जुना प्लग टाकून देणं हाच माझ्या मते या सगळ्या उद्योगातला सर्वांत फायद्याचा भाग आहे. झोआची चटई ब्लेडने तळाशी, पॉलिपला धक्का न लावता, दगडापासून सोडवा आणि नव्या कोऱ्या प्लगवर जाडसर सुपरग्लू जेलने बसवा. पातळ फेविक्विक ओघळून पॉलिपवर पसरतो, जेलच घ्या. मशरूम चिकटत नाही, तो बुळबुळीत असतो. त्याला दगडाच्या चुऱ्याच्या वाटीत ठेवून वर मच्छरदाणीचं कापड रबराने बांधा, आठवडाभरात स्वतःच खडा धरतो. लेदरला प्लगवर सैल रबर लावा. आवळलात तर रबर आत कापत जातं.

प्लग बदलला तरी दिवस मोजायचेच, कारण कोष चटईखालच्या दगडाच्या कणावरही असू शकतो. पहिल्या डिपनंतर पाच ते सात दिवसांनी दुसरा, मग त्याच अंतराने तिसरा आणि चौथा. अंतर एवढं कमी का, तर राहिलेली अंडी मधल्या काळात फुटतात आणि पिल्लांनी पुन्हा अंडी घालण्याआधी ती डिपमध्ये सापडली पाहिजेत. प्रत्येक वेळी अंड्यांच्या फिती नखाने नाही, चिमट्याने आणि ब्लेडने खरवडा. रात्री दिवे गेल्यावर दोन तासांनी लाल कागद लावलेल्या टॉर्चने बघा. सनडायल आणि न्यूडिब्रँक तेव्हाच फिरतात. चौथ्या डिपला डब्यात काहीच पडलं नाही, तर डिप थांबवा आणि फक्त पाहत राहा. सारखा डिप देणं हाही कोरलवर अत्याचार आहे.

दिवा पहिले दोन दिवस २० टक्क्यांवर, मग दर तीन दिवसांनी थोडा वर, दोन आठवड्यांत नेहमीच्या उजेडावर, रोज आठ तास. पार (कोरलला उपयोगी पडणाऱ्या उजेडाचं माप) मोजता आला तर मशरूमला ३० ते ८०, झोआला ५० ते १५०. झोआ तीन-चार दिवस, कधी आठवडाभर मिटून राहिले तरी घाबरू नका. लेदर तर दहा-बारा दिवस मिटतं, अंगावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा येतो आणि तो गळून पडला की पुन्हा फुलतं. ते मेलं समजून फेकून देऊ नका. वेव्हमेकरचा झोत थोडा त्याच्याकडे वळवा, पापुद्रा लवकर सुटतो. वितळणारे, वास मारणारे, वर कापसासारखं पांढरं धरलेले पॉलिप मात्र त्याच दिवशी कापून काढा. ४० लिटरमध्ये सडणारा एक घोळका बाकीच्यांना घेऊन जातो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती ४०व्या-५०व्या दिवशी. दुकानात छान फ्रॅग दिसतो, आणला जातो, ‘हा पण ठेवू यात’. त्या क्षणी सगळ्या टाकीचा आकडा पुन्हा एकवर येतो. शेवाळ खायला मोठ्या टाकीतली गोगलगाय आणून सोडलीत तर तीही ७६ दिवस पूर्ण होईपर्यंत परत जाणार नाही.

मोठ्या टाकीत नेताना दोन्हीकडची सॅलिनिटी एक करून घ्या आणि पहिला आठवडा प्लग वाळूवर, सावलीच्या बाजूला नुसते ठेवा. जागा पसंत पडली की चिकटवा. ग्रीन स्टार पॉलिप घ्यायचा झाला तर वेगळ्या सुट्या दगडावर. मुख्य खडकावर चढला की तो उतरत नाही.

डिपचं आणि खळबळण्याचं पाणी, जुने प्लग, हातमोजे हे सगळं एका बादलीत घाला, त्यात लिटरमागे ५० मिली साधं घरगुती ब्लीच टाकून अर्धा तास ठेवा. त्या बादलीत टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही ॲसिड जाऊ देऊ नका, विषारी वायू निघतो. मग पाणी टॉयलेटमध्ये ओता. नाल्यात नको, खाडीत तर नकोच: ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ आहे, आणि तिथे परक्या समुद्रातले किडे आणि शेवाळ सोडायचा आपल्याला हक्क नाही. प्लग ब्लीचमधून काढून वाळवून कचऱ्यात टाका. क्वारंटाइनची टाकी रिकामी झाली की जाळी, पंप आणि चिमटा गोड्या पाण्याने धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, आणि स्पंज वाळवूनच पुन्हा वापरात आणा. पुढच्या खेपेला जिवाणू बसवायला मोठ्या टाकीच्या संपमध्ये नवा स्पंज आधीपासून टाकून ठेवा.